बेकनची चिंता
पाककृतीचे व्हिडिओ बजावतात: मश्रूमला चव यायची तर बेकन हवंच. म्हणजे मीठ लावून मुरवलेलं, बहुधा धुरी दिलेलं डुकराचं मांस. ते कळंबच्या बाजारात कुठं शोधायचं? इथला चिंतामणी गणपती चिंता दूर करतो, बेकन पुरवत नाही.

इकडे विदर्भात पावसाळ्यात वारुळांवर सात्या, म्हणजे रानटी मश्रूम, उगवतात. त्यांची शेती वाळवीच करते. माणसाला ती अजून साधलेली नाही. भाव कधीकधी मटणाच्या पंक्तीला जाऊन बसतो. तिखट रश्शात शिजल्या, की शाकाहारी मंडळीही ताटात नळी शोधू लागतात. तरी पाहुण्यांपुढे मान डबीतल्या फिक्या बटण मश्रूमलाच! सात्यांचा गुन्हा एवढाच, की त्यांच्या अंगावर बारकोड नसतो.