केटी लपवू नका

अमेरिकेतल्या बहुतेक नामांकित विभागांच्या एमएस-पीएचडी अर्जांची मुदत डिसेंबर-जानेवारीत संपते. त्यामुळे दिवाळीच्या आगेमागे पुण्या-मुंबईतल्या परदेशी शिक्षणाच्या सल्लागारांकडे रांगा लागतात. त्या रांगेत सगळ्यात घाबरलेला मुलगा ठरलेला असतो. साडेसहा सीजीपीए, दुसऱ्या वर्षाला एम-थ्रीची (गणित-३ ची) केटी, एखादा विषय दुसऱ्या अटेम्प्टला सुटलेला, आणि मनात स्टॅनफर्ड नाहीतर बर्कली. त्याला दोनपैकी एक गोष्ट ऐकवतात. एक तर ‘ती नावं विसर, ही आमची यादी घे’. नाहीतर ‘काळजी करू नकोस, एसओपीत (अर्जासोबतच्या उद्देशपत्रात) सगळं झाकून देऊ’. दोन्ही सल्ले त्याच्या मुळावर येणारे आहेत.

आधी यादीचं बघू. फुकट सल्ला देणाऱ्या बऱ्याच संस्थांना परदेशी विद्यापीठांकडून प्रवेशामागे कमिशन मिळतं. ते बेकायदा नाही. पण ज्यांच्या दारात अर्जांचा ढीग पडतो, त्या विद्यापीठांना एजंट लागत नाहीत, आणि मग त्यांची नावं फुकट यादीतून गळतात. गळण्याचं कारण मात्र मुलाच्या सहा पॉइंट पाचवर ढकललं जातं. घरातून चाळीस-पन्नास लाखांचं कर्ज उचलणार असाल, तर पहिल्याच भेटीत विचारा: या यादीतल्या कोणाकोणाकडून तुम्हाला पैसे मिळतात? उत्तर सरळ आलं नाही, तर उठून या.

आता झाकाझाकी. गुणपत्रिका झाकता येत नाही. पदव्युत्तर अर्ज वाचतात ते त्या विभागातले प्राध्यापक, आणि ते सत्रागणिक वाचतात. एम-थ्रीत काठावर, डेटा स्ट्रक्चर्समध्ये बरे, सातव्या सत्रात मशीन लर्निंगमध्ये वर्गात वरच्या फळीत, ही चढण त्यांना एका नजरेत दिसते. पहिल्या वर्षाला नऊ आणि शेवटच्या वर्षाला सहा, ही उतरणही दिसते. सरासरी दोघांची सारखीच निघू शकते, पण वाचणारा दोघांना सारखं मानत नाही.

आणि त्या सरासरीचा तरी किती धसका घ्यायचा? साडेसहाला सीबीएसईने दहावीसाठी दिलेल्या ९.५ ने गुणलं की ६१.७५ टक्के येतात. मुंबई विद्यापीठाच्या अभियांत्रिकीच्या एका सूत्राने, म्हणजे ७.१ ने गुणून ११ मिळवले की ५७.१५. मुलगा तोच, एकीकडे फर्स्ट क्लास, दुसरीकडे नाही. वर मुलं स्वतःच ०.४ ने गुणून २.६ काढतात, बर्कलीची किमान अट ४ पैकी ३ ची आहे हे वाचतात, आणि अर्ज न भरताच हाय खातात. अट खरी आहे. गुणाकार घरचा आहे. अनेक विद्यापीठांच्या अर्जात स्पष्ट लिहिलेलं असतं की तुमच्या विद्यापीठाच्या मोजपट्टीवरचे आकडे जसेच्या तसे भरा, रूपांतर करू नका. ही ओळ वाचायला सल्लागार लागत नाही.

गुण म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नव्हे, हे मुंबईकरांना तरी सांगायला नको. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका घाईघाईने संगणकाच्या पडद्यावर तपासायला घेतल्या. राज्यपालांनी ३१ जुलैची मुदत दिली, तीही हुकली. उत्तरपत्रिकांची सरमिसळ झाली, निकाल महिनोन्‌महिने रखडले, परदेशी प्रवेश मिळालेली मुलं हातात गुणपत्रिका नाही म्हणून हवालदिल झाली. ऑक्टोबरात कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आलं. कुलगुरू गेले, पण त्या वर्षाच्या गुणपत्रिका मुलांच्या नावावर कायमच्या राहिल्या. म्हणून मी म्हणतो, कमी गुणांची लाज वाटून घेऊ नका. त्यांचा हिशेब मात्र द्या.

हा हिशेब तीन-चार ओळींचा असतो. समजा, तिसऱ्या सत्रात वडिलांना अर्धांगवायू झाला, दवाखान्यात रात्रपाळी मुलाने केली, दोन विषय राहिले. मग लिहायचं ते इतकंच: काय झालं, कधी संपलं, विषय केव्हा सुटले, त्यानंतरच्या चार सत्रांत काय मिळवलं. आणि कारण अभ्यास न करणं हेच असेल, तर तेही लिहायचं: पहिली दोन वर्षं मी अभ्यास केला नाही, तिसऱ्या वर्षी प्रोजेक्टला हात घातला तेव्हा गणिताशिवाय काही चालत नाही हे कळलं, तेव्हा एम-थ्री पुन्हा पहिल्यापासून शिकलो. रडगाणं नको, विद्यापीठाला शिव्या नकोत. पुष्कळ अर्जांत अशा स्पष्टीकरणासाठी वेगळी जागाच दिलेली असते. तिथे लिहा, आणि एसओपीची पानं कामासाठी मोकळी ठेवा.

शिफारसपत्रांबद्दल तर फार बोलायला हवं. आपल्या महाविद्यालयांत काय चालतं, सगळ्यांना ठाऊक आहे. मुलगा स्वतःच तीन मजकूर टाइप करतो, लेटरहेड ऑफिसमधून आणतो, सर स्टाफरूमच्या टेबलावर उभ्या-उभ्या सही करतात. तिन्ही पत्रांत मुलगा मेहनती, प्रामाणिक, वक्तशीर आणि संघभावनेने काम करणारा. या चार शब्दांनी अर्ज वाचणाऱ्याला काहीही कळत नाही. नऊ पॉइंटवाल्याचं अशा पत्राने एक वेळ निभावेल, साडेसहावाल्याचं निभावणार नाही. त्याला असा माणूस हवा जो लिहील की याच्या बॅचमध्ये याचे गुण मधले होते, पण प्रयोगशाळेतला बंद पडलेला सेटअप यानेच चालू केला, आणि तो कसा ते हे असं. प्राध्यापकांनो, तासभर काढून स्वतः लिहा. तुमच्या त्या तासावर मुलाचं पुढचं आयुष्य अवलंबून असतं.

अनुभवाचे खोटे दाखले विकणारेही या बाजारात आहेत. २०२४ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या एका विद्यापीठात खोटी कागदपत्रं देऊन शिष्यवृत्ती मिळवलेल्या भारतीय विद्यार्थ्याला अटक झाली, शिक्षण सुटलं आणि मायदेशी परतावं लागलं. कमी गुणांमुळे प्रवेश नाकारला जातो, तुरुंगाची वाट दिसत नाही. एवढा फरक पालकांना तरी कळायला हवा.

खरं काम दाखवणाऱ्यांसाठी दारं उघडी आहेत, आणि ती फारशी कोणी दाखवत नाही, कारण त्यात कोणाला दलाली नाही. एमआयटीचा विकास-अर्थशास्त्राचा एक पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. तो उभा करणाऱ्यांत नोबेल विजेते अभिजित बॅनर्जी आहेत, मुंबईत जन्मलेले, मराठी आईचे चिरंजीव. ऑनलाइन विषय कोणीही घ्यावेत, फी उत्पन्नाप्रमाणे, परीक्षा देखरेखीखाली, आणि त्या कामगिरीवर प्रवेशासाठी अर्ज. पदवीसुद्धा सक्तीची नाही. जागा मोजक्या आहेत, अभ्यास कठीण आहे. जॉर्जिया टेकचा संगणकशास्त्राचा ऑनलाइन एमएस २०१४ पासून चालू आहे, खर्च सात हजार डॉलरच्या आसपास. आत घेताना ते हात आखडत नाहीत, पण पहिल्या वर्षभरात दोन पायाभूत विषयांत किमान ‘बी’ श्रेणी आणावी लागते. नोकरी सांभाळून करता येतो, आणि घर गहाण पडत नाही. इकडे आयआयटी मद्रासच्या २०२० मध्ये सुरू झालेल्या ऑनलाइन डेटा सायन्स अभ्यासक्रमाला जेईई लागत नाही. चार आठवडे शिका, पात्रता परीक्षा द्या, पास झालात की आत.

आपल्याकडचे सगळे दरवाजे असे नाहीत. आयआयएम अहमदाबाद मुलाखतीला बोलावताना कॅटबरोबर दहावी-बारावीचे गुणही मोजते. पंधराव्या वर्षीची परीक्षा पंचविशीतल्या माणसाच्या मानगुटीवर बसवणं मला अन्यायाचं वाटतं, आणि ते बदललं पाहिजे.

सगळं नीट करूनही नकार येईल, हे धरून चाला. स्टॅनफर्डच्या एका पदव्युत्तर अर्जाला १२५ डॉलर पडतात. बारा ठिकाणी आशेवर अर्ज टाकण्यापेक्षा, जिथे तुमचं काम वाचणारा प्राध्यापक आहे अशी पाच ठिकाणं निवडा. या वर्षी सांगण्यासारखं काम नसेल, तर थांबा. दोन वर्षं नोकरी करा, एक विषय खोलात शिका, मग भरा. वर्ष वाया जाईल ही भीती नातेवाइकांची आहे, कर्जाचा हप्ता मात्र तुमच्या खात्यातून जाणार आहे.

आणि यंदाच भरणार असाल, तर या आठवड्यात दोन कामं उरका. विद्यापीठात जाऊन ट्रान्सक्रिप्टचा अर्ज द्या, कारण ती मिळायला वेळ लागतो. आणि ज्या सरांनी तुमचं काम खरोखर पाहिलंय, त्यांना फोन करून भेटीची वेळ मागा.