यंत्रापुढे दोन शब्द

भाषण ऐकून सुधारणा सुचवणारं संगणकीय यंत्र मुळात मोजणीदार असतं. बोलणं ते आधी मजकुरात उतरवतं. मग शब्दांना मिनिटांनी भागून वेग काढतं, आवाज एकसुरी आहे की चढतो-उतरतो ते पाहतं आणि ‘अं’, ‘म्हणजे’, ‘आपलं ते’ असा पाला वेचून त्याची संख्या सांगतं. कॅमेरा चालू असेल तर वक्त्याची नजर कुठे भिरभिरत होती, तेही नोंदतं. एमआयटीत एहसान होक यांनी २०१३ मध्ये मुलाखतीचा सराव घेणारी अशी एक प्रणाली दाखवली. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने पॉवरपॉइंटसाठी भाषणाचा शिकवणीमास्तर जाहीर केला. सुरुवातीला त्याला फक्त इंग्रजी कळत असे. मिनिटाला १०० ते १६५ शब्द, अशी त्याची शिफारस. मराठवाड्यातल्या गंगापूर तालुक्याच्या सभेत मात्र पहिल्या मिनिटाचे सगळे शब्द व्यासपीठावरच्यांची नावं घेण्यातच खर्ची पडतात, प्रेक्षकांपर्यंत एकही पोचत नाही.

यंत्राच्या आधी हे काम माणसं करत. १९२४ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या टोस्टमास्टर्सच्या बैठकीत एका सदस्याकडे इतरांचे ‘अं’ मोजण्याचीच जबाबदारी असते. मराठवाड्यात हे पद रुजलं नाही. असा हिशेब मांडणाऱ्याला पुढच्या कार्यक्रमाचं निमंत्रण मिळेल, याची खात्री कोण देणार?

यंत्राचं आणि तालुक्याचं पहिलं वाजतं ते नामोल्लेखावरून. यंत्राच्या लेखी ही नुसती पुनरुक्ती. स्थानिक शास्त्रात मात्र भाषणाचा गाभा तोच, विषय हे त्याचं परिशिष्ट. अध्यक्ष, उद्घाटक, प्रमुख पाहुणे, सरपंच, माजी सरपंच, सोसायटीचे चेअरमन, मुख्याध्यापक आणि ‘वेळेअभावी ज्यांची नावं घेता आली नाहीत ते सर्व’. या शेवटच्या गटात जो सापडतो, तो वर्षभर रस्त्यात दिसला तरी ओळख देत नाही. लासूर स्टेशनच्या आडत्याचं नाव आधी घ्यायचं की वाळूजच्या कारखानदाराचं, याला कोणत्याही ग्रंथात आधार नाही. जाणते वक्ते दोघांनाही ‘आपल्या तालुक्याचे भूषण’ म्हणून एकाच श्वासात उरकतात. त्यात उशिरा येणारे वेगळेच. सतरा सप्टेंबर, मराठवाडा मुक्तिसंग्रामाचं भाषण, निजामाच्या रझाकारांशी झुंजणाऱ्यांचं वर्णन ऐन भरात, आणि सूत्रसंचालक चिठ्ठी सरकवतो. हुतात्मे तिथेच थांबतात, ‘आत्ताच ज्यांचं आगमन झालं ते’ सुरू होतं. हार शोधला जातो. पाहुणे खुर्चीत नीट टेकले की हुतात्म्यांना पुन्हा बोलावलं जातं. अशा भाषणाचा आलेख काढला तर आवाजाचा सर्वांत उंच सूर पाहुण्यांच्या नावावर सापडतो, आणि यंत्र नेमकी तिथेच शाबासकी देतं.

आता वक्त्याचा स्वभाव. प्रस्तुत नोंदीच्या कर्त्याचा असा समज आहे, की आपलं वळण नामवंत वक्ते प्राचार्य शिवाजीराव भोसल्यांचं, निदान थांबण्याच्या बाबतीत तरी. यंत्र थांबा सेकंदात मोजतं. तो अर्थगर्भ होता की पुढचं वाक्य आठवत नव्हतं, हे ते सांगत नाही. या उणिवेबद्दल कर्ता यंत्राचा ऋणी आहे. रात्री दार लावून तो मोबाइलपुढे तेच आभारप्रदर्शन पुन्हा पुन्हा करतो आणि गुण वाढले की आलेख घरात फिरवतो. भाषण ऐकायला घरात कोणी राजी नसतं, आलेख मात्र सगळे बघतात. ‘अहो, झोपा आता’ एवढाच अभिप्राय भिंतीपलीकडून येतो, तोही न मोजता. शिवाय पहिल्या वाक्यापासून शेवटच्यापर्यंत ऐकून घेणारा तालुक्यातला बहुधा एकमेव श्रोता म्हणजे हे यंत्र. वक्ता त्याच्या प्रेमात पडला, तर नवल नाही.

प्रेमाला आणखी एक कारण आहे. ओपनएआयची ‘व्हिस्पर’ ही २०२२ मधली प्रणाली ६,८०,००० तासांच्या ध्वनीवर घडवलेली आहे आणि ती मराठीही उतरवते. मात्र मजकूर उतरवताना ती बरेचदा ‘अं’ गाळून टाकते. अशा मजकुरावरून काढलेल्या अहवालात वक्ता गंगाजळासारखा निर्मळ ठरतो.

पण ‘अं’ हा दोषच, हे कोणी ठरवलं? हर्बर्ट क्लार्क आणि जीन फॉक्स ट्री या मानसशास्त्रज्ञांनी २००२ मध्ये असं मांडलं, की इंग्रजीतले असे हुंकार हे शब्दच आहेत. ‘थोडं थांबा, पुढचं जुळवतोय’ असं ते ऐकणाऱ्याला कळवतात. ज्याला काही जुळवायचंच नाही, त्याला ‘अं’ लागत नाही. शालेय वक्तृत्व स्पर्धा ऐकल्या की हे कळतं. भाषण मोठ्यांनी लिहिलेलं असतं, कोणत्या शब्दाला मूठ आवळायची हेही त्यांनीच ठरवलेलं, आणि नऊ वर्षांची मुलगी शेतकऱ्याच्या आत्महत्येवर एकदाही न अडखळता बोलते. हे यंत्रापुढे ठेवलं तर वेग उत्तम, चढउतार उत्तम, अडगळ शून्य. त्याच वर्गातलं एखादं पोरगं ‘आमच्या इथं, अं, कापूस...’ म्हणून थबकतं. त्याच्या वडिलांचा कापूस खरंच गेलेला असतो. ते उत्तेजनार्थमध्येही येत नाही. परीक्षक यंत्र असो वा माणूस, दोघांचा तक्ता सारखाच. याच मराठवाड्यात माणसं विचारवंत नरहर कुरुंदकरांचा युक्तिवाद ऐकायला जमत. १० फेब्रुवारी १९८२ रोजी औरंगाबादेत व्यासपीठावरच ते गेले, पन्नाशीही गाठली नव्हती. त्यांच्यामागे इथल्या पोरांच्या वाट्याला हातवारे आले, याचा राग यंत्रावर काढण्यात अर्थ नाही. ते नंतर आलं.

राहता राहिला वेळ. त्याबाबत यंत्र अगदीच दुबळं आहे. भाषण लांबलं, हे ते बरेचदा भाषण संपल्यावर सांगतं. गंगापुरात ही सूचना चालू भाषणात मिळते: आधी ‘आवरा’ लिहिलेली चिठ्ठी, मग मागच्या खुर्च्या सरकल्याचे आवाज, मग चहा. चिठ्ठी न वाचता खिशात घालणारे वक्तेही असतात. त्यांच्यासाठी माइकवाला ठेवलेला असतो.