लाख लाख शुभेच्छा

रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांना अण्णांचा पत्ता कुठून मिळाला, हा प्रश्न अण्णा सोडून घरातल्या सगळ्यांना पडला होता. अण्णांच्या मते रिझर्व्ह बँकेचा आणि रोहा तालुक्याचा संबंध जुनाच आहे. सी. डी. देशमुख १९४३ साली या बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि त्यांचं बालपण रोह्यात गेलं. तेव्हा त्या खुर्चीवरच्या माणसाने निडीतल्या एका निवृत्त शिक्षकाला मेल करावा, परदेशातून तुमच्या नावावर मोठी रक्कम आलीय असं कळवावं आणि ती सोडवायला किरकोळ शुल्क मागावं, यात त्यांना काही वावगं वाटलं नाही. वावगं वाटलं ते इंग्रजीत. त्यांनी व्याकरणाच्या चुका दुरुस्त केल्या, दोन ठिकाणी स्वल्पविराम घातले आणि मेल गव्हर्नरांना परत पाठवला.

रिझर्व्ह बँक स्वतः वारंवार सांगते की आम्ही कुणाचीही वैयक्तिक खाती ठेवत नाही आणि असे मेल पाठवत नाही. पण अण्णांनी उत्तर दिलं, म्हणजे या पत्त्यावर जिवंत आणि सवड असलेला माणूस राहतो, एवढं समोरच्याला कळलं. पुढच्या आठवड्यात एक विधवा, एक निवृत्त सेनापती आणि कर्ज द्यायला अधीर झालेली बरीच मंडळी अण्णांच्या इनबॉक्सात दाखल झाली.

अनाहूत पत्रं अण्णांच्या पिढीला नवी नाहीत. पंधरा पैशांचं पोस्टकार्ड होतं त्या काळात संतोषीमातेच्या नाहीतर बालाजीच्या नावाने कार्डं यायची. अमुक इतक्या जणांना असंच पत्र लिहा, अमक्याने लिहिलं त्याला लॉटरी लागली, तमक्याने फाडलं त्याची म्हैस मेली. काकू घाबरून लिहायला बसायची. पण त्या धंद्याला दोन लगाम होते. एक म्हणजे पंधरा पैसे आणि दुखणारं मनगट, दोन्ही पाठवणाऱ्याचं. दुसरा आमचा पोस्टमन. तो प्रत्येक कार्ड वाचूनच फाटकाशी यायचा आणि विचारायचा, "काकी, संतोषीमातेचं आहे. ठेवू, का वाटेत हरवू?"

ई-मेलात हे दोन्ही लगाम सुटले. दहा लाख लोकांना पाठवा, मनगट दुखत नाही. अशा अनाहूत घाऊक मेलचा, म्हणजे स्पॅमचा, पहिला मान डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थुअर्क या विक्रेत्याचा. ३ मे १९७८ रोजी त्याने आपल्या कंपनीच्या संगणकांची जाहिरात आर्पानेट या तेव्हाच्या संगणक-जाळ्यावरच्या सुमारे चारशे जणांना एकदम धाडली. लोक भडकले, संगणक मात्र खपले, असं तो पुढे सांगत असे. ४ जुलै १९९६ रोजी सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी हॉटमेल सुरू केलं. फुकट! आणि तुम्ही मावशीला लिहिलेल्या प्रत्येक पत्राच्या तळाशी 'तुम्हीही फुकट खातं उघडा' अशी ओळ आपोआप चिकटायची. म्हणजे फुकटची टपाल सेवा गावोगाव पोचली तीच मुळात कुणी न मागितलेल्या जाहिरातीच्या पाठीवर बसून. आता तक्रार कोणत्या तोंडाने करायची?

अण्णांनी रोह्याच्या सायबर कॅफेत रेडिफमेल उघडलं, नंतर जीमेलवर आले. तिथला हा लोंढा आवरायला फिल्टर शिकवायची कामगिरी माझ्याकडे आली, कारण भावंडांत ठाण्याहून दिवा-रोहा गाडीने येण्याची चिकाटी माझ्यातच होती.

सुरुवात स्पॅमच्या बटणापासून केली. नको असलेल्या मेलवर शिक्का मारायचा, यंत्र त्यातून शिकतं. मागे कोण, असं अण्णांनी विचारलंच. मागे थॉमस बेज नावाचा इंग्रज पाद्री. पानिपत झालं त्याच वर्षी, १७६१ला, तो वारला. संभाव्यतेवरचा त्याचा निबंध दोन वर्षांनी छापून आला. त्या गणितावर गाळण्या आधीही बनल्या होत्या, पण २००२ साली पॉल ग्रॅहम या प्रोग्रामरने लेख लिहिला तेव्हा त्यांचा बोलबाला झाला. तुमच्या वाईट पत्रांत कोणते शब्द जास्त येतात, चांगल्यांत कोणते, हे मोजायचं आणि नवीन पत्र कुठल्या पंगतीतलं ते ताडायचं. हल्ली पाठवणाऱ्याची अब्रूसुद्धा तपासतात.

"म्हणजे मी शिकवायचं आणि ते शिकणार?" अण्णांचे डोळे चमकले. निवृत्तीनंतर प्रथमच हातात विद्यार्थी आला होता. पण ते प्रत्येक मेल अथपासून इतिपर्यंत वाचू लागले. म्हटलं, अण्णा, विषय बघून शिक्का मारा. तर म्हणाले, "न वाचता नापास कसं करू?" काहींना तर त्यांनी स्पॅममधून काढून पुन्हा वर बसवलं. "मजकूर खोटा आहे, पण मांडणी बघ." त्या यंत्राचं काय झालं असेल देव जाणे. २००४च्या जानेवारीत दावोसला बिल गेट्स म्हणाले होते की दोन वर्षांत स्पॅमचा प्रश्न सुटेल. त्यांच्या हिशेबात अण्णा नव्हते.

मग मी स्टेशनचा आधार घेतला. निडी म्हणजे नागोठणे आणि रोहा यांच्या मधलं स्टेशन. राजधानी, मांडवी, जनशताब्दी फलाटाची धूळ उडवत निघून जातात. थांबते ती आपली पॅसेंजर. फिल्टर म्हणजे तेच. कुणाला थांबा द्यायचा, कुणाला सुसाट जाऊ द्यायचं, हे तुम्ही ठरवायचं. पटेल असं वाटलं होतं.

"पण मांडवीची वेळ मला पाठ आहे," अण्णा म्हणाले. "थांबत नाही म्हणून तिच्याकडे बघायचंच नाही की काय?"

रोज संध्याकाळी ते स्पॅमचा कप्पा उघडून बसत. तिथला माल तीस दिवसांनी पुसला जातो हे कळल्यावर तर हुरहूर वाढली. जाहिरातींच्या तळाशी 'अनसबस्क्राइब' असतं हे दाखवलं. घाऊक मेल पाठवणाऱ्यांनी ते एका क्लिकवर ठेवलंच पाहिजे, असा नियम गूगल आणि याहूने २०२४पासून केलाय. अनोळखी भामट्याच्या मेलमधलं तेच बटण मात्र दाबायचं नाही, तिथे ते उत्तर दिल्यासारखंच होतं. अण्णांनी दोन्हीकडे दाबलं नाही. "उगाच कशाला संबंध तोडायचे?"

अखेर शब्दांचा फिल्टर त्यांना रुचला, कारण तो त्यांनी स्वतः रचला. निरीक्षण अचूक होतं: फसवणारा माणूस लाखाच्या खाली बोलत नाही. तेव्हा इंग्रजी लिपीत 'लाख' हा शब्द ज्या मेलमध्ये असेल तो परस्पर डिलीट. नियम लावला, जुन्या मेलनाही लागू करा या चौकोनात टिचकी मारली, आणि कर्ज देणारे, विमा विकणारे, लॉटरीवाले पटापट नाहीसे झाले. अण्णांनी वालाच्या शेंगा सोलता सोलता मला शाबासकी दिली.

पुढच्या महिन्यात त्यांचा पंचाहत्तरावा वाढदिवस झाला आणि एकाही नातेवाइकाचा मेल आला नाही. पुण्याची आत्या नाही, दुबईचा भाचा नाही. अण्णा दिवसभर गप्प. रात्री ट्रॅश उघडला तर अख्खं गणगोत तिथे! आमच्यात मराठी इंग्रजी लिपीत लिहितात आणि एक-दोन शुभेच्छांवर कुणी थांबत नाही. प्रत्येकाने लाख लाखच दिल्या होत्या. आत्याने तर तीनदा लाख लिहिलं होतं.

मी म्हटलं, नियम काढून टाकू. ते नको म्हणाले; लॉटरीवाले पुन्हा येतील. डिलीट करायचं तर आत्या जाते. दोन दिवसांनी सकाळी फोन आला.

"अरे, तुझ्या मेलवर एक कोड आला असेल. सांग बरं."

"अण्णा, कोड कुणाला सांगायचा नाही, हे मीच तुम्हाला..."

"मी कुणी आहे का?"

सांगितला. फिल्टरच्या यादीत 'फॉरवर्ड' असाही पर्याय असतो, तो त्यांचा त्यांनी शोधला होता. तेव्हापासून 'लाख' असलेला प्रत्येक मेल माझ्याकडे येतो. मी त्यातून आत्या निवडून अण्णांना परत पाठवतो, तिच्यातला 'लाख' काढून. बाकीच्यांचं काय करतो, याचीही चौकशी रविवारी फोनवर होते.

"परवा एक गृहकर्जवाला आला असेल बघ. वाचलंस का रे? व्याज बरं म्हणत होता."