लिहून देणार : चिरंजीव

ज्या मनुष्याचे उभे आयुष्य दुय्यम निबंधकाच्या कचेरीत, जुन्या दप्तरांच्या आणि अंगठ्याच्या शाईच्या सहवासात गेले, त्याला निवृत्तीनंतरही कोणताही मजकूर निर्हेतुकपणे वाचता येत नाही. लिहून देणार कोण, लिहून घेणार कोण, साक्षी कोणाच्या, आणि दस्त राजीखुशीने व अक्कलहुशारीने करून दिला आहे की नाही, हे प्रश्न लग्नपत्रिकेपासून मालमोटारीच्या पाठीवरील सुभाषितापर्यंत सर्वत्र त्याचा पिच्छा पुरवितात. मालमोटारीचे त्यातल्या त्यात बरे असते. तिच्या पाठीवर कितीही अचाट उद्गार रंगविलेला असला, तरी त्या उद्गाराचा धनी पुढे चक्राशी बसलेला असतो आणि नाक्यावर गाठून त्याला जाब विचारता येतो. परंतु तान्ह्या मुलांच्या पोटावर अलीकडे जे वाङ्मय प्रसिद्ध होऊ लागले आहे, त्याचा कर्ता नामानिराळा, प्रकाशक साता समुद्रांपलीकडे, आणि ज्याच्या मुखी ते घातले आहे तो चिरंजीव पायाचा अंगठा चोखीत पडलेला, अशी अवस्था असल्यामुळे फिर्याद कोणावर लावावी हेच उमगत नाही.

आमच्या पिढीची बालपणीची वस्त्रे निरक्षर होती. बाळंतविड्यात झबली, टोपडी, कुंची, दुपटी येत. झबले बहुधा आजोबांच्या धुऊन धुऊन मऊ झालेल्या धोतराचे, दुपटे आजीच्या लुगड्याचे, आणि अलंकार म्हटला तर कुंचीला एखादा गोंडा. अपवाद एकच आठवतो. टंचाईच्या दिवसांत माझ्या धाकट्या चुलतभावाची चड्डी मांजरपाटाची शिवली गेली, आणि कापड वाया जाऊ नये म्हणून काटकसरी काकूंनी गिरणीचा शिक्का कापून टाकला नाही. त्यामुळे 'वार २०' ही जांभळी मुद्रा चड्डी फाटेपर्यंत त्याच्या पार्श्वभागी विराजमान होती. मजकूर सत्याला धरून नव्हता, हे उघड आहे. पण त्यात कोणाची निंदा नव्हती, आणि तो वाचून लोकांनी हसावे अशी गिरणीच्या चालकांची अपेक्षाही नव्हती.

नातवाच्या बारशाला मेलबर्नहून आलेल्या पुतण्याने जो सदरा आणला, त्यामागे मात्र तशी अपेक्षा स्पष्ट होती. जांघेत टिचबटणांनी बंद होणारे ते सुबक वस्त्र होते, आणि त्याच्या छातीवर ठळक इंग्रजी अक्षरांत, मुली कडीकुलपात ठेवा, मी आलो आहे, अशा अर्थाची घोषणा होती. वाईहून मुद्दाम आलेल्या आमच्या आक्का इंग्रजी जाणत नाहीत, पण अक्षर दृष्टीस पडले की त्याचा अर्थ कळल्यावाचून त्यांना चैन पडत नाही. "काय रे लिहिलंय ह्याच्या पोटावर?" त्यांनी विचारले. पुतण्या पंख्याकडे पाहू लागला; त्याची बायको घुगऱ्यांचे पातेले घेऊन लगबगीने आत गेली. अखेर भाचीच्या चौथीतल्या मुलीने, शाळेत कविता म्हणावी तशा खणखणीत आवाजात, त्याचे मराठी करून सांगितले. पाळणा म्हणणाऱ्या बायका कडव्याच्या मध्येच थबकल्या. आक्कांनी सदऱ्याकडे पाहिले, बाळाकडे पाहिले आणि म्हणाल्या, "अगं बाई, पण ह्याला अजून मान धरता येत नाही!" त्यानंतर जो हशा पिकला तो आक्कांच्या वाक्याला होता. सदऱ्यावर विलायती चलन खर्च झाले होते, पण त्याच्या वाट्याला त्यातले काही आले नाही.

थट्टा कोठे संपते आणि बीभत्सता कोठे सुरू होते, या सीमेवर विद्वानांनी बरेच रण माजविले आहे. कचेरीतल्या माणसाला तो वाद इतका बिकट वाटत नाही. हे मजकूर जवळजवळ सगळे प्रथमपुरुषी एकवचनी असतात, हे कोणाच्या ध्यानात येत नाही. 'मी रडतो म्हणून बाबा पितात', 'आज रात्री तीन वाजता माझ्या पाळण्यात मेजवानी, बाटली आपापली आणावी' – हे सर्व कबुलीजबाब अज्ञानाच्या नावाने लिहिलेले असून त्यावर त्याची सही नाही की अंगठा नाही. आमच्या सातबाऱ्यावर अज्ञानाचे नाव लागले की 'अ. पा. क.' म्हणून पालनकर्त्याचेही नाव लागते, म्हणजे कारभार कोणाचा हे तलाठ्यालाही कळते. अज्ञानाने केलेला करार मुळातच रद्दबातल, असा निवाडा प्रिव्ही कौन्सिलने मोहोरी बीबीच्या खटल्यात १९०३ साली देऊन ठेवला आहे. आणि हिंदू अज्ञानत्व व पालकत्वाच्या १९५६ च्या कायद्याप्रमाणे न्यायालयाच्या पूर्वपरवानगीवाचून पालकाला अज्ञानाची स्थावर मिळकत विकता येत नाही, की त्याला व्यक्तिशः कोणत्या वचनात गुंतविता येत नाही. म्हणजे त्याच्या नावावरच्या दोन गुंठे उसाला जिल्हा न्यायाधीशांचे छत्र, आणि टीचभर छाती मात्र ज्यावर 'येथे जाहिराती लावू नयेत' असेही लिहिलेले नाही अशा भिंतीसारखी उघडी! जे वाक्य बापाने स्वतःच्या सदऱ्यावर छापून कचेरीत जाण्याची छाती केली नसती, ते त्याने मुलाच्या छातीवर छापावे, याला मी थट्टा म्हणत नाही. माझ्या खात्यात त्याला बनावट दस्त म्हणत.

हास्य आणि वेष यांचे नाते काही आजचे नव्हे. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात हास्याचे विभाव मोजताना विकृत वेषाला अग्रस्थान दिले आहे, आणि धार्ष्ट्य व असत्प्रलाप त्याच मालिकेत पुढे येतात. तेव्हा शिशुवस्त्रांच्या कारखानदारांनी ते प्रकरण वाचले असावे, असा संशय घेण्यास जागा आहे. पण विदूषक आपला वेष आपण होऊन, पुरता जाणून आणि बहुधा मोबदला घेऊन चढवितो. स्मितापासून अतिहसितापर्यंत हास्याच्या ज्या सहा पायऱ्या मुनींनी सांगितल्या, त्यांतील पहिलीच काय ती आमच्या चिरंजीवांना साधली आहे. आणि झोपेतले ते स्मितही सटवाई हसविते म्हणून, असे आक्कांचे मत आहे.

२००९ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात कॉटन ऑन या कंपनीच्या बालवस्त्रांवरून गदारोळ उठला. त्यांतील काही मजकूर नुसता चावट होता, आणि चावटपणाला वय नसते असे म्हणून तो सोडून देणारेही भेटले असते. परंतु एका सदऱ्यावर तान्हे मूल सांगत होते, 'हे मला गदागदा हलवतात.' तान्ह्या मुलाचे डोके देहाच्या मानाने जड आणि मान दुबळी असते. रात्री रडे थांबत नाही म्हणून भान सुटलेल्या मोठ्या माणसाने त्याला तसे हलविले, तर मेंदूभोवतीच्या नाजूक रक्तवाहिन्या तुटतात, डोळ्यांच्या आत रक्त साकळते, आणि मूल जगले तरी आंधळे किंवा पंगू होण्याचा संभव असतो. मान धरता येत नाही, हे आक्कांचे वाक्य येथे आणून ठेवले तर त्यावर कोणाला हसू येणार नाही. कंपनीने क्षमा मागितली. ज्याने तो मजकूर प्रथम कागदावर उतरविला आणि ज्या अधिकाऱ्याने त्यावर मंजुरीचा शेरा मारला, त्यांच्या घरी पाळणा कधी हलला होता की नाही, कोण जाणे. २०११ साली अमेरिकेत जे. सी. पेनी या दुकानाने मुलींसाठी काढलेल्या सदऱ्याचा मजकूर असा होता की, मी इतकी सुंदर आहे की गृहपाठ माझ्या भावालाच करावा लागतो. तोही ओरड झाल्यावर मागे घेतला गेला. ओरड मुलींच्या वतीने झाली, ती रास्तच. पण खरे पाहता त्या भावाचीही एक फिर्याद दाखल व्हायला हवी होती.

एवढ्याने सगळे उलगडत नाही, कारण निरुपद्रवी शब्दही चुकीच्या अंगावर चढतात. जानेवारी २०१८ मध्ये एच अँड एम या स्वीडिश कंपनीने 'जंगलातले सर्वांत फक्कड माकड' अशा अक्षरांचा हिरवा टोपीवाला सदरा एका कृष्णवर्णी बालकाला घालून त्याचे छायाचित्र विक्रीसाठी झळकविले, आणि प्रकरण दक्षिण आफ्रिकेत तिच्या दुकानांची मोडतोड होण्यापर्यंत गेले. आमच्या घरात माकड ही वंशपरंपरागत पदवी आहे. 'माकडतोंड्या' म्हटल्याखेरीज आक्का कोणाच्याही हातावर लाडू ठेवीत नाहीत. त्यामुळे एवढे रागावण्यासारखे त्यात काय, असा प्रश्न आमच्या बैठकीत निघाला, आणि आपण तर मारुतीची पूजा करतो, हा युक्तिवादही ओघाने आला. हाच युक्तिवाद मी ऑक्टोबर २००७ मध्ये ऐकला होता, जेव्हा मुंबईच्या वानखेडे मैदानावर अँड्र्यू सायमंड्स याला पाहून आपल्याच काही प्रेक्षकांनी माकडचेष्टा केल्या आणि पोलिसांना त्यांतील काहींना बाहेर काढावे लागले. त्या प्रेक्षकांपैकी कोणी सायमंड्ससाठी रुईच्या पानांची माळ आणली होती, असे मात्र ऐकिवात नाही.

आपले स्वतःचे दप्तर स्वच्छ आहे, असा दाखला मला देता येणार नाही. मुलाला विद्रूप करण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे, पण तिच्यात पोटातली माया असे: गोऱ्या गालावर काजळाची तीट लावायची ती दृष्ट लागू नये म्हणून, आणि मागची मुले दगावलेल्या घरात नव्या बाळाला दगडू किंवा धोंडू म्हणायचे ते मृत्यूला चकविण्यासाठी. त्या थट्टेत हरायचे असे ते यमाने, मुलाने नव्हे. परंतु सातारा जिल्ह्यात नोकरीला असताना हक्कसोडपत्रांवर अंगठा करणाऱ्या बायांची नावे मी वहीत उतरवीत असे, आणि त्यांत 'नकुशी' हे नाव आले की लेखणी किंचित अडखळे. मुलगा हवा असताना मुलगी झाली, एवढाच तिचा अपराध. आणि तो मजकूर असा, की शाळेत, लग्नात, शिधापत्रिकेवर, सर्वत्र तिनेच तो स्वमुखाने उच्चारावा. ऑक्टोबर २०११ मध्ये साताऱ्यात समारंभपूर्वक अशा शेकडो मुलींना नवी नावे देण्यात आली, तेव्हा मला माझ्या वहीतल्या त्या बाया आठवल्या. त्यांना नवे नाव द्यायला कोणी आले नव्हते. मेलबर्नचा सदरा निदान सहा महिन्यांत अंगाला होईनासा होतो.

माझे हे प्रवचन वरचेवर होऊ लागल्यावर सूनबाईंनी एके दिवशी शांतपणे सांगितले, "बाबा, तुम्हांला सगळंच खटकतं, तर मग तुम्हीच एक मजकूर लिहून द्या ना." आव्हान रास्त होते. मी दोन संध्याकाळी खर्ची घालून मसुदा सिद्ध केला. अर्थात लिहून देणार मी, लिहून घेणार चिरंजीव. कारणे बक्षीसपत्र लिहून देतो ऐसा जे, माझे मालकीचा व कबजेवहिवाटीचा उजवा खांदा, यासी चतुःसीमा पूर्वेस कान, पश्चिमेस दंड, उत्तरेस सदऱ्याची गळपट्टी, दक्षिणेस चष्म्याचा खिसा, येणेप्रमाणे चतुःसीमापूर्वक मिळकत, तीवर झोपणे, लाळ गाळणे व दूध ओकणे या सर्व हक्कांसह, आज रोजी तुम्हांस राजीखुशीने दिली असे. तीवर अन्य कोणाचा बोजा नाही, आणि चष्मा ओढण्याची वहिवाट पूर्वापार तुमचीच आहे. लक्ष्मी रस्त्यालगतच्या एका बोळात सदऱ्यांवर छपाई करणारा तरुण आहे, त्याने तो कागद उलटसुलट करून वाचला, हातातले सहा महिन्यांच्या मापाचे झबले त्यावर ठेवून पाहिले आणि म्हणाला, "काका, ह्यात दोन ओळी बसतात. एवढ्या मजकुराला तुमचंच माप लागेल."

तेव्हा तो माझ्याच मापावर छापून घेतला, आणि सारसबागेत सकाळी फिरायला जाताना मी तो घालतो. वाचायला बरेच लोक थांबतात, पण चतुःसीमेच्या पुढे सहसा कोणी जात नाही. एका निवृत्त मामलेदारांनी मात्र अखेरच्या ओळीपर्यंत मन लावून वाचले, आणि मुद्रांकशुल्क भरले आहे काय, अशी पृच्छा केली.