सवलतराव

तळेगावपासून लोणावळ्यापर्यंत प्रत्येक सोसायटीत एक सवलतराव असतातच. आमचे वडगावला राहतात. रक्तदाब आणि साखर, दोन्ही निवृत्तीच्या सुमारास लागू झालेले.

मेडिकलमध्ये शिरल्यावर माणूस आधी चिठ्ठी पुढे करतो. सवलतराव आधी विचारतात, "किती टक्के?" दहा म्हटलं की चिठ्ठी परत खिशात. त्यांचा सिद्धांत असा: लोकल पुण्याकडे सरकेल तसा टक्का वाढतो. लोणावळ्याला दहा, तळेगावला पंधरा, चिंचवडला वीस. दुकानाला दुकान लागलं की दुकानदाराची मूठ सैल होते, हे त्याचं कारण. रेल्वेचा पास असल्यामुळे जाणं-येणं त्यांच्या हिशेबात फुकट. रविवारी लोणावळ्यात घाट लागलेले मुंबईकर उलटीची गोळी छापील किमतीला घेताना दिसले, की सवलतरावांच्याच पोटात ढवळतं.

पुढे मोबाईलमध्ये औषधांचं ॲप आलं. त्यात कूपन: ९९९ रुपयांच्या खरेदीवर १०० रुपये कमी. यांची महिन्याची औषधं ८६० ची. राहिले १३९.

सवलतराव स्वयंपाकघरात गेले. "अगं, तुला काही होतंय का?"

पस्तीस वर्षांच्या संसारात हा प्रश्न पहिल्यांदाच आलेला. काकू गहिवरल्या. "डोकं जरा जड वाटतंय हो."

"डोकं नको, बाम चाळीसलाच येतो. गुडघे कसे आहेत?"

गुडघे ठणठणीत निघाले. मग दोन जिने चढून आमच्याकडे. "काय म्हणते तुमची कंबर?" माझी कंबर तोवर काहीच म्हणत नव्हती. पण एवढे जिने चढून आलेल्या माणसाला रिकामं कसं पाठवायचं? कंबरेचा पट्टा मागवला. तो अजून घडी न मोडता कपाटात आहे. त्या खरेदीवर यांना पॉइंट मिळाले, पॉइंटला महिन्याची मुदत, म्हणजे महिन्याच्या आत पुन्हा खरेदी आलीच. रक्तदाब किती हे विचारलं तर सवलतराव रिपोर्ट शोधतात. पॉइंट किती, ते मात्र तोंडपाठ.

एकदा मीच त्यांना चिंचवडला जनऔषधी केंद्रात नेलं. ही सरकारी योजना २००८ सालची. गोळीत औषध तेच, फक्त पाकिटावर मोठ्या ब्रँडऐवजी औषधाचं मूळ नाव, आणि किंमत बहुतेक वेळा निम्मी किंवा त्याहून कमी. सवलतरावांनी सवयीनं विचारलं, "किती टक्के?"

"काही नाही काका, छापील किंमतच कमी आहे."

"तरी, पाच?"

"नाही."

"पॉइंट?"

"नाही हो."

औषधं घेतली. कुठल्याही कूपनात वाचले नसते इतके पैसे वाचले. पण परतीच्या लोकलमध्ये माणूस गप्प. थेट देहूरोडला तोंड उघडलं. "स्वस्त आहे, पण मजा नाही आली."

पुढच्या महिन्यात ॲप पुन्हा सुरू झालं. चालू कूपनाची मुदत येत्या रविवारी रात्री संपते. वडगाव-कामशेत भागात कुणाला खोकला असेल तर कृपया कळवावं, १३९ रुपये अजून कमी पडताहेत.