अभ्यासासाठी जुना लॅपटॉप अपग्रेड करावा का? नवशिक्या पालकांसाठी सहा पायऱ्यांची मार्गदर्शिका

लागणारे साहित्य : जुना लॅपटॉप १ (चार्जर लावूनच चालणारा), पाल्य १, कोरा कागद, पेन, बारीक स्क्रू ड्रायव्हर आणि संगणकातले कळणारा एक नातेवाईक. हिंजवडीत नोकरीला असल्यास उत्तम.

लागणारा वेळ : निर्णय घ्यायला एक संध्याकाळ. घेतलेला निर्णय घरात पटवायला, दिवाळीपर्यंत.

पायरी १ : निर्माल्य काढणे

दसऱ्याला लॅपटॉपची पूजा झाली असणारच. कीबोर्डात शिरलेल्या झेंडूच्या पाकळ्या आणि पंख्याच्या जाळीतल्या अक्षता आधी काढा. मग जाळीतली धूळ. पंखा तुंबला की प्रोसेसर तापतो आणि जळू नये म्हणून आपला वेग आपणच कमी करतो. काही लॅपटॉपांचे म्हातारपण एवढ्यानेच उतरते. तुमच्याही लॅपटॉपचे उतरले, तरी वाचत राहा. नव्या लॅपटॉपची मागणी धुळीबरोबर जात नाही.

पायरी २ : मागणीपत्र

लॅपटॉपवर नक्की कोणता अभ्यास करायचा आहे, हे पाल्याकडून कागदावर लिहून घ्या. पहिल्या मसुद्यात ग्राफिक कार्ड असेल. रागावू नका. जलसुरक्षेच्या प्रकल्पाला ग्राफिक कार्ड कशाला, एवढेच शांतपणे विचारा. ‘पाणी रिअल दिसतं’ असे उत्तर आल्यास त्या खेळाचे नाव विचारा.

दुसऱ्या मसुद्यात खरी यादी उतरते : टायपिंग, पीपीटी, ऑनलाइन तास, यूट्यूबवरचे धडे, गणितासाठी जिओजेब्रा, कोडिंगसाठी स्क्रॅच. शेवटची दोन्ही तर ब्राउझरमध्येच चालतात. या सगळ्याला ८ जीबी रॅम आणि एसएसडी पुरते. व्हिडिओ एडिटिंग किंवा थ्रीडी डिझाइन खरोखरच चालू असेल तर गोष्ट वेगळी. ‘पुढे कधीतरी शिकणार आहे’ याला खरोखर म्हणत नाहीत.

पायरी ३ : निदान

या टप्प्यावर नातेवाईक फोनवर ‘एकदा फॉरमॅट मार’ असे सांगेल. आभार माना, मारू नका. फॉरमॅटने साठलेला कचरा जातो, पण मूळची संथ हार्डडिस्क संथच राहते.

पाल्याला नेहमीसारखे बसवा. ब्राउझरचे सतरा टॅब, पीपीटी, मागे गाणी, सगळे चालू द्या. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यातले आकडे असे वाचा :

डिस्क सतत १०० टक्क्यांवर आणि बाकी सगळे निवांत : दोष हार्डडिस्कचा.

मेमरी ९० टक्क्यांच्या वर : रॅम कमी पडते आहे. (सतरा टॅबही जास्त आहेत.)

डिस्क आणि मेमरी ठीक, पण सीपीयू सतत १०० टक्क्यांवर : प्रोसेसर थकला. बहुतेक लॅपटॉपांत तो बोर्डावरच पक्का बसवलेला असतो. बदलता येत नाही.

काहीच भरलेले नाही, तरी व्हिडिओ अडकतो : लॅपटॉप निर्दोष आहे. वायफायचा राऊटर लोखंडी कपाटामागून बाहेर काढा.

पायरी ४ : दोन शस्त्रक्रिया

पहिली, एसएसडी. जुन्या हार्डडिस्कमध्ये ग्रामोफोनसारखी तबकडी फिरते, बहुधा मिनिटाला ५४०० वेळा, आणि एक दांडी तिच्यावर माहिती शोधत हिंडते. एसएसडीत फिरणारे काहीच नाही. हार्डडिस्क सेकंदाला साधारण १०० एमबी वाचते, तर साधी साटा एसएसडी ५०० च्या आसपास. खरा फरक मात्र हजारो बारीक फायली उघडताना कळतो, कारण दांडीची धावाधाव संपते. चहा टाकून येईपर्यंत सुरू न होणारा लॅपटॉप चहाचे आधण ठेवण्याआधीच सुरू होतो.

दुसरी, रॅम. ४ जीबीची ८ करा. डीडीआर ३ आणि डीडीआर ४ यांच्या खाचा वेगळ्या जागी असतात, त्यामुळे एक दुसरीच्या जागी बसत नाही; ताकद लावू नये. बऱ्याच सडपातळ लॅपटॉपांत रॅम बोर्डालाच जोडलेली असते. तिथे हा विषय मिटला.

शस्त्रक्रियेआधी डी ड्राइव्हमधले ‘ताईचं लग्न फायनल’, ‘ताईचं लग्न फायनल नवीन’ आणि ‘हेच खरं फायनल’ हे तिन्ही फोल्डर दुसरीकडे उतरवून घ्या. ते गेले तर विषय लॅपटॉपचा राहणार नाही.

पायरी ५ : पिढी पाहणे

प्रोसेसरचा नंबर वाचा. इंटेलचा आय ५-७२००यू म्हणजे सातवी पिढी, आय ५-८२५०यू म्हणजे आठवी. आय ५-१०२१०यू असा पाच आकडी नंबर असेल तर पहिले दोन आकडे घ्या. विंडोज ११ साठी, एखाददुसरा अपवाद सोडता, इंटेलची आठवी किंवा पुढची पिढी लागते, शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय.

विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. याचा अर्थ लॅपटॉप बंद पडला असा नाही. सुरक्षेचे नवे अपडेट नेहमीसारखे मिळत नाहीत, असा आहे. घरगुती वापरासाठी नावनोंदणी करून वाढीव मुदत घेता येते, तीही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. पिढी सातवी किंवा आधीची असेल तर लिनक्स मिंट किंवा उबुंटू टाका. दोन्ही फुकट आहेत, मराठी टायपिंग चालते आणि वर्डच्या फायली लिब्रेऑफिसमध्ये उघडतात. मित्राकडचा खेळ मात्र त्यावर चालेलच असे नाही. हा तोटा की फायदा, हे पालकांनी आपसांत ठरवावे.

पायरी ६ : बाजार

पुण्यात तापकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड. एकाच दुकानात विचारून ‘बाजार फिरलो’ म्हणू नये. भाव त्याच दिवशीचा घ्या. २०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिप ओढून नेल्या आणि रॅम महागली. त्यामुळे गेल्या वर्षीचा भाव सांगून घासाघीस करण्यात अर्थ नाही. सुटे भाग, मजुरी आणि बॅटरी धरून बेरीज मांडा. ती नव्या साध्या लॅपटॉपच्या किमतीच्या एक तृतीयांशापुढे गेली तर थांबा. बिजागरी तुटली असेल किंवा स्क्रीनवर उभ्या रेघा आल्या असतील तर बेरीज बहुधा पुढे जातेच.

बॅटरी फुगली असेल, टचपॅड वर आले असेल, तर इथे थट्टा संपली. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, बॅटरी दाबू किंवा टोचू नका. दुकानातून काढून घ्या आणि ई-कचऱ्यात द्या.

निर्णय

आठवी पिढी किंवा पुढची आणि आत हार्डडिस्क असेल : एसएसडी टाका, रॅम ८ करा, तीन-चार वर्षे निघतात. सातवी किंवा आधीची : एसएसडी आणि लिनक्स, दहावीपर्यंतचे काम भागते. एसएसडी आणि ८ जीबी आधीच असतील : एक पैसाही खर्च करू नका, टॅब बंद करा. सीपीयूच थकला असेल किंवा बेरीज तृतीयांशापुढे गेली असेल : नवा घ्या, आणि घेताना रॅम वाढवता येते का, हे आधी विचारा.

लॅपटॉप झटपट सुरू होऊ लागल्यावर ‘लॅपटॉप स्लो आहे’ हे प्रकल्प अर्धवट राहण्याचे कारण कायमचे बाद होते. अपग्रेडचा हा सर्वांत मोठा फायदा आहे. पैसे देऊन होईपर्यंत तो पाल्याला सांगू नये.