देव चालतो, चपला झिजतात

वेंगुर्ल्याहून शिरोड्याकडे निघालं की वाटेत आरवली लागतं. जयवंत दळवींचं गाव म्हणून आम्ही वाङ्मयीन भक्तिभावाने उतरलो, पण वेतोबाच्या देवळात शिरल्यावर नजर गेली ती चपलांवर. तशी देवळात गेल्यावर आपली नजर चपलांवरच असते म्हणा, पण त्या बाहेर काढून ठेवलेल्या. इथे चपला आत, थेट देवापुढे मांडलेल्या. चामड्याच्या, आणि आकाराने अशा की माझे दोन्ही पाय एकीत मावून वर एखादी पिशवी ठेवायला जागा उरावी.

वेतोबा म्हणजे वेताळ, भुताखेतांचा राजा. आरवलीत मात्र त्याने गाव राखायचं काम पत्करलंय. रात्री तो गावाच्या सीमेवरून फेरी मारतो, त्यात चपला झिजतात, म्हणून भक्त त्याला नव्या वाहतात. नवस बोलायचा तो चपलांचा, नाहीतर केळ्यांच्या घडाचा. नारळ-पेढ्यांवर भागवणाऱ्या इतर दैवतांपुढे ही मागणी मला फार समंजस वाटली. काम करणाऱ्याला कामाला लागेल तेच द्यावं.

माझ्यासोबत माझे मेहुणे होते. ते निवृत्त इंजिनियर, त्यामुळे कारण कळल्याशिवाय हात जोडत नाहीत. मूर्ती नऊ फुटांच्या आसपास उंच, दोन पायांवर ताठ उभी. पूर्वी ती फणसाच्या लाकडाची होती, आता पंचधातूची आहे. हे कळताच मेहुण्यांनी शेजारच्या आजोबांना गाठलं. ‘‘लाकडाचा देव एकवेळ फिरेल हो, पण पंचधातू? वजन किती झालं!’’

आजोबांनी क्षणभरही विचार केला नाही. ‘‘म्हणान तर चपलो बेगीन झिजतत!’’

मेहुण्यांचा हा पहिला पराभव. आमच्या राज्यातल्या आख्यायिकांची ही खुबी आहे. त्या नुसत्या सांगत नाहीत, पुराव्यानिशी दाखवतात. चप्पल उलटी करून टाच दाखवली की युक्तिवाद संपला.

तिथून मालवण तालुक्यातल्या आचऱ्याला. हे गाव दर तीन-चार वर्षांनी पळतं. पळतं म्हणजे रामेश्वराचा कौल मिळाला की तीन दिवस आणि तीन रात्री अख्खं गाव वेशीबाहेर जातं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, मांजरं, सगळे. जातधर्म न बघता सगळ्यांनी निघायचं. बाजारपेठ बंद, घरं रिकामी, आणि वेशीबाहेर माळावर झावळ्यांच्या झोपड्यांचं दुसरं आचरं. दिवसा कामं, रात्री भजनं, फुगड्या आणि दशावतारातली सोंगं. चौथ्या दिवशी पुन्हा देवाला कौल लावायचा. देव ‘या’ म्हणाला तर परतायचं, नाही म्हणाला तर मुक्काम वाढला. गावपळण म्हणतात याला. चिंदर, वायंगणी अशा शेजारच्या गावांतही ती आहे.

आम्ही गेलो तेव्हा गाव जागेवर होतं, त्यामुळे गोष्टी ऐकण्यावर भागलं. का पळायचं? कोणी म्हणतं, तेवढे दिवस गाव भुतांसाठी मोकळं ठेवायचं. मला ही व्यवस्था आवडली. चार वर्षं आम्ही, तीन दिवस तुम्ही. हिशेबात भुतांवर अन्याय आहे, पण त्यांची तक्रार नाही. मेहुणे म्हणाले, ‘‘जुन्या काळी साथी यायच्या. गाव रिकामं करून हवा पालटायची, हे त्यामागचं शास्त्र.’’ चहावाला मान डोलावून म्हणाला, ‘‘ता पण खरा.’’

‘ता पण’ ऐकून मेहुणे खट्टू झाले. त्यांचं शास्त्र भुतांच्या शेजारी, त्याच बाकावर बसवलं गेलं होतं. मला खरी गंमत वाटली ती चाकरमान्यांची. मुंबईत साहेबाच्या विनवण्या करून रजा काढायची, गाडीत अवघडत गावी पोचायचं, आणि गावात पाऊल ठेवायचं नाही म्हणून माळावर झोपायचं. मालवणी माणसाच्या गावप्रेमाबद्दल कुणाला शंका असेल तर त्याने रजेचा हा अर्ज बघावा.

राजापूरला गंगा भेटली नाही. ती साधारण तीन वर्षांनी अवचित प्रकटते, चौदा कुंडांत खळखळते आणि काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी, तितकीच अवचित नाहीशी होते. अलीकडे तर तिने वेळापत्रक पाळणंही सोडलंय. तिथल्या बाई म्हणाल्या, ‘‘गंगा गेलीय हो,’’ सून माहेरी गेल्याचं सांगावं तशा, येईल तेव्हा येईल या स्वरात. मेहुण्यांनी कोरड्या कुंडाच्या काठावर वक्रनलिकेचं तत्त्व समजावून सांगितलं. जमिनीखालच्या पोकळीत पाणी साठतं, ठरावीक पातळी गाठली की वाहू लागतं, पोकळी रिकामी झाली की थांबतं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘मग आता कधी येईल?’’ ते काही मेहुण्यांना सांगता येईना.

घाटावर आलं की आख्यायिकांचा मक्ता बहुतेक पांडवांकडे जातो. कुठलंही जुनं देऊळ दाखवा, ते पांडवांनी एका रात्रीत बांधलेलं असतं आणि कोंबडा आरवल्याने अर्धवट राहिलेलं असतं. खाली अंबरनाथला तर शके 982 चा, म्हणजे इसवी सन 1060 चा शिलालेख आहे, शिलाहार राजाच्या नावानिशी. तरी श्रेय पांडवांनाच. हे पाच जण वनवासात होते की सार्वजनिक बांधकाम खात्यात, असा प्रश्न पडतो. अपुरी कामं पाहता दुसरं जास्त पटतं.

शनिशिंगणापूर सगळ्यांना ठाऊक आहे. घरांना दारं नाहीत, चोराला शनी बघून घेतो. तिथे 2011 मध्ये एका बँकेने कुलपाविना शाखा उघडली. पण बँक ती बँक. काचेचं दार लावलं आणि त्याला डोळ्यांना न दिसणारं विद्युतचुंबकीय कुलूप. शनीवर विश्वास, पण रिझर्व्ह बँकेच्या धाकात. बुलढाण्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घट मांडतात. सभोवती अठरा धान्यं, मध्ये पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळं, पाण्याचा करवा म्हणजे समुद्र, पुरी म्हणजे पृथ्वी, पानाचा विडा म्हणजे राजा. रात्र उलटली की सकाळी कोण किती हललं त्यावरून वर्षाचं भाकीत. अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांना ते मुळीच मान्य नाही, मलाही नाही. पण राज्यकर्त्याचं आसन विड्याच्या पानाइतकं हलकं आहे, हे तिथल्या शेतकऱ्याला केव्हाच कळलंय, एवढं मान्य करावंच लागेल.

हरिश्चंद्रगडावर मेहुणे गुडघे धरून चढले. केदारेश्वराच्या लेण्यात कमरेएवढ्या बर्फगार पाण्यात मोठी पिंड आणि तिच्या चार कोपऱ्यांना चार खांब. म्हणजे होते चार. चार युगांचे चार खांब, युग सरलं की खांब कोसळतो. आता एकच उभा आहे. तो पडला की कलियुग संपलं. पाचनईहून आमच्याबरोबर आलेला वाटाड्या पोरगा हे इतक्या निर्विकारपणे सांगत होता की जणू गावची शेवटची एसटी चुकणार होती.

मेहुण्यांनी दगड निरखला, भेगा तपासल्या, वरच्या छताचा भार कुठे येतो याचा अंदाज घेतला. चेहरा गंभीर झाला. ‘‘फार दिवसांचा सोबती नाही हा,’’ ते म्हणाले.

पोरगा म्हणाला, ‘‘मग काका, पुढच्या पावसाळ्यात येणार का? पिठलं-भाकरीचा ॲडव्हान्स आत्ताच देऊन ठेवा. तेव्हा लई गर्दी असते.’’

मेहुण्यांनी दिला.